कापलेली लेबलं

ओट्यावरचा काटा यीस्ट मोजायला आणलेला.
एका ग्रॅमची लबाडी त्याला खपत नाही.
त्यावर आज आम्ही उद्याची भिंत मोजतोय,
मेतोदा आणि मी,
मोइस्त्रानातल्या तिच्या स्वयंपाकघरात.
त्रिग्लावच्या उत्तर कड्याला इथले लोक
नुसतं 'भिंत' म्हणतात,
जणू दुसरी कुठे नसतेच.

आधी तिची नायलॉनची स्लिंग. अंगठ्याएवढी रुंद, विटकी तांबडी.
"चाळीस," मेतोदा सांगते,
नापास मुलाचे गुण वाचावेत तशी.
मग माझी, नवी, शेवयीसारखी, पांढरी.
हिच्या धाग्याला रंग चढत नाही;
कडेची निळी रेघ आहे ती उसन्या नायलॉनची.
"एकोणीस."
अशा दहा.
दोनशे दहा ग्रॅम वाचले,
म्हणजे एक सफरचंद, वर एक जर्दाळू.
मी खूश. तोळ्यामाशाचा हिशेब, पण खूश.

"सुंभ जळला तरी पीळ राहतो," मेतोदा म्हणते,
"हिचं तसं नाही, योश्त.
दोर घासला जोरात
तर ही जळण्याआधीच मेणासारखी मऊ होते,
आणि पिळाचा विषयच संपतो.
गाठ मारशील, ती हूं म्हणेल, आणि हळूच सुटेल.
पडलास तर नायलॉन जरा पुढे येऊन झेलतो.
ही जागची हलत नाही.
झटका सगळा तुझ्या कमरेला."

पण नायलॉन पाणी पितो, मी म्हणालो.
पहाटे गोठून काठी होतो.
"होतो," ती म्हणाली. "पितो आणि होतो."
एवढ्यात दूध उतू गेलं.

ओटा पुसून
तिने माझ्यापुढे टाकले लोकरीचे जाड हातमोजे
आणि माझाच सगळ्यात छोटा कॅराबिनर.
"उघड."
तीनदा निसटला.
चौथ्यांदा मी दात वापरले.
दातांचं वजन आम्ही धरलं नव्हतं.

मग तिला दिसलं,
म्हणजे दिसलं नाही,
शिवणीजवळचं लेबल.
दहाही स्लिंगांचं मी कात्रीने छाटलं होतं,
सगळी मिळून दोन ग्रॅम.
"कुठल्या सालच्या या?"
सहा गेल्या वर्षीच्या. चार भावाने दिलेल्या,
त्याला त्या कुणी दिल्या ते माहीत नाही.
"त्यातल्या चार कुठल्या?"

सगळ्या पांढऱ्या. सगळ्या शेवया.
बारीक आकड्यांतलं त्यांचं जन्मसाल
मी कचऱ्यात टाकलं होतं, वजन म्हणून.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते एकोणीस ग्रॅमकडे बघून कळत नाही.

ती रागावली नाही.
दहाही उचलून परसात गेली,
जिथे घेवड्याच्या काठ्या बांधल्यात
तिच्या निवृत्त स्लिंगांनी:
एक १९९६ची, एक २००३ची,
लेबलं अजून वाचता येतात.
त्यांच्याशेजारी माझ्या बांधल्या एकेक.
"घेवड्याला चालतात," म्हणाली,
"घेवडा कुठे उंचावरून पडतोय."

रात्री सॅकमध्ये शेवटी गेलं ते असं:
तिच्या सहा बारीक, शेपटासकट.
दोन जाड तांबड्या, थांब्यावर अडकायला.
मोठे कॅराबिनर.
आणि सहा मिलीमीटरची पाच मीटर दोरी,
तुकडे करून उतारावर मागे सोडायला.
परत न आणण्यासाठी वर न्यायचं ओझं,
त्याला कुठला काटा लावणार?
मी लावला नाही.
एक सफरचंद बाहेर काढलं आणि खाल्लं.

सकाळी नवाला, चौथ्या थांब्यावर,
मेतोदा वर, दिसेनाशी,
दोर माझ्या हातातून थांबत थांबत सरकणारा.
नाकासमोर स्लिंग,
वाऱ्यावर फडफडणारं तिचं इवलंसं लेबल.
करायला दुसरं काही नव्हतं.
मी साल वाचलं.
परत वाचलं.